खारजमिनीतला भात: शिमग्याच्या बांधापासून दिवाळीच्या कापणीपर्यंत

अलिबाग आणि पेणचा खारेपाट, उरण-पनवेलच्या खाड्या, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंतच्या खारी आणि गोव्यातली खाजणं या सगळ्या जमिनी भरतीच्या पाण्याखालून माणसाने बांध घालून सोडवलेल्या आहेत. शेताची पातळी उधाणाच्या भरतीपेक्षा खालीच असते. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न कुठलं बियाणं लावायचं हा नसतो. खारं पाणी बाहेर कसं राहील आणि पावसाचं गोडं पाणी जमिनीतून कसं झिरपवायचं, हा असतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं उत्तम वाण आणलं, पण उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप गळकी राहिली, तर त्या वाणाचाही पेंढाच हाती येतो. म्हणून हा लेख बियाण्यापासून सुरू होत नाही.

आधी मीठ मोजा

मातीचे नमुने दोनदा घ्यावेत. पहिला मे महिन्यात, म्हणजे मीठ सर्वांत जास्त वर आलेलं असताना. दुसरा जुलैत, लावणीच्या आठवडाभर आधी. प्रत्येक वेळी ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंटिमीटर अशा तीन थरांची माती वेगळी ठेवावी. तिन्ही थर एकत्र कालवले, तर मीठ वरून खाली जातंय की खालून वर येतंय हे कळायचा मार्गच बंद होतो.

अहवाल वाचताना एक चूक हमखास होते. मातीत मीठ जितकं जास्त, तितकी तिची विद्युतवाहकता जास्त. पुस्तकांतले तक्ते मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती जेमतेम पूर्ण भिजेल एवढंच पाणी घालून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता गृहीत धरतात. प्रति मीटर ४ डेसिसायमनच्या (पुढे नुसतं डेसिसायमन) वर गेली की जमीन खारट, हा निकष त्याच मोजणीचा आहे. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा मात्र एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. पाणी जास्त म्हणून आकडा लहान येतो. खारेपाटाच्या चिकण मातीत तो साधारण तीन ते चारपट केला, की तक्त्याशी जुळतो. म्हणजे अहवालात १.५ दिसलं, तर खरी क्षारता ४.५ ते ६ च्या घरात आहे. "दीडच आहे, चालेल" म्हणून लावणी केलेलं रोप पंधरा दिवसांत शेंड्याकडून करपायला लागतं, ते यामुळेच.

भाताला साधारण ३ डेसिसायमनपर्यंत फरक पडत नाही. त्यापुढे प्रत्येक एका डेसिसायमनला उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. पीक दोन अवस्थांत सर्वांत नाजूक असतं: कोवळं रोप असताना आणि पोटरीपासून (लोंबी पानाच्या आवरणात असताना) फुलोऱ्यापर्यंत. मधल्या फुटव्यांच्या काळात ते बरंच सोसतं. पुढचं सगळं वेळापत्रक या दोन नाजूक काळांभोवती बसवायचं आहे.

सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल, तर जिप्समवर पैसे घालू नयेत. कोकणातल्या बहुतेक खारजमिनीत मुख्य त्रास साध्या मिठाचा असतो आणि ते धुवायला पाऊस पुरतो. देशावरच्या चोपण (सोडियमने बिघडलेल्या) जमिनींसाठीचा सल्ला जसाच्या तसा इथे आणणं म्हणजे दुकानदाराचा फायदा.

खिशात मावणारा विद्युतवाहकता मापक मात्र जरूर घ्यावा. १.४१३ डेसिसायमनच्या प्रमाणित द्रावणात बुडवून तो हंगामात दोन-तीनदा जुळवून घ्यायचा. समुद्राचं पाणी त्यावर ५० च्या आसपास दाखवतं, पावसाचं जवळजवळ शून्य. शेतातलं साचलेलं पाणी या दोहोंत कुठे आहे, हे रोज पाहता येतं.

बांध: जानेवारी ते मे

बांधाची पाहणी दोन वेळा करावी लागते. उधाणाच्या भर भरतीत शेताच्या बाजूने चालत जाऊन ओली जागा, बुडबुडे, पाझर शोधायचा. मग ओहोटीत खाडीच्या बाजूने जाऊन त्याच जागेसमोरचं बीळ शोधायचं. एकाच बाजूने पाहिलं तर निम्मी बिळं सुटतात.

खेकड्याचं बीळ तोंडाशी चिखल थापून बंद होत नाही. आतली पोकळी तशीच राहते आणि पुढच्या उधाणात पाणी तीच वाट धरतं. त्या ठिकाणी बांधाला आडवा, ३०-४५ सेंटिमीटर रुंदीचा चर बिळाच्या तळाखाली जाईपर्यंत खणावा. मग ओलसर चिकण माती १५ सेंटिमीटरचे थर देत, प्रत्येक थर पायाने तुडवत भरावी. "ओलसर" या शब्दावर जोर आहे. मे महिन्यात यंत्राने उचलून टाकलेली कोरडी ढेकळं वरून बांधासारखी दिसतात, पण ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात. पहिल्या उधाणात पाणी त्यांतून शिरतं, बारीक माती वाहून नेतं आणि दोन भरत्यांत तिथे खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडते. यंत्र वापरायला हरकत नाही. टाकलेल्या मातीवर पाणी मारून थराथराने दाबून घेतलं पाहिजे, एवढंच.

माती बांधाच्या पायथ्यातून उचलू नये, निदान ५ मीटर लांबून घ्यावी. पायथ्याशी खड्डा झाला, की पाझराची वाट आखूड होते आणि बांध खालून पोखरतो.

उंचीसाठी सर्वांत मोठ्या उधाणाने सोडलेली काडीकचऱ्याची रेघ पाहावी आणि तिच्या वर किमान १ मीटर बांध ठेवावा. नवी भर बसते, म्हणून १०-१५ टक्के उंची जास्तच धरावी. खाडीकडचा उतार पसरट, साधारण एकास तीन. शेताकडचा एकास दोन चालतो. लाटांचा थेट मारा असेल तिथे खाडीच्या बाजूला दगडी पिचिंग (उतारावर रचलेले दगड) हवंच. बांधावर मोठी झाडं लावू नयेत. वाऱ्याने खोड हलतं, मुळांभोवती फट पडते आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळाची आयती नळी तयार होते. गवत उत्तम. बांधाबाहेरची तिवरं मात्र लाट मोडतात, ती जितकी दाट तितका बांध टिकतो.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही आणि पूर्वीही नव्हतं. मुख्य बांधाची डागडुजी गाव मिळून करायचं. १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारजमीन कायद्याने योजनेतल्या मुख्य बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. तेव्हापासून "सरकार करील" म्हणून गावाने हात काढला आणि निधी येईपर्यंत बिळाची खांड होऊ लागली, हे कोणत्याही खारीत दिसतं. खात्याकडे लेखी मागणी जरूर करावी, पण मेअखेर बिळं बुजवण्यापुरते चार माणसांचे चार दिवस गावाने काढावेतच.

उघाडी आणि तिथीची पाऊणपट

उघाडी, गोव्यात जिला मानस म्हणतात, ती म्हणजे एका दिशेने उघडणारी झडप. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. साधं तत्त्व आहे आणि बिघडायच्या जागाही थोड्याच: उंबऱ्यावर अडकलेली फांदी किंवा प्लास्टिक, गंजलेली बिजागरी, फुगलेली वा सडलेली फळी, झडपेच्या काठाची झिजलेली रबरी पट्टी आणि बाहेरच्या नाल्यात साचलेला गाळ. शेवटचं कारण सर्वांत जास्त दुर्लक्षित. नाल्याचा तळ उंबऱ्यापेक्षा वर आला, की झडप चांगली असूनही उघडत नाही आणि दोष फळीला दिला जातो.

एक दुखणं माणसाचं आहे. मासे आत यावेत म्हणून रात्री झडपेत दगड किंवा ओंडका घालून ती उघडी ठेवली जाते. एका उधाणाचं असं पाणी आत आलं, तर महिन्याभराची धुलाई वाया जाते. उघाडीवरच्या मासेमारीचा हक्क गावाने देताना अट घालावी: जाळं आतल्या बाजूला, पाणी बाहेर जाताना. झडपेला हात नाही.

पाणी कधी सोडायचं, यासाठी कोळ्यांचा हिशेब पुरतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत आत जावं तशी ही वेळ अर्धा-पाऊण तास किंवा त्याहूनही पुढे सरकते. आपल्या उघाडीचा फरक एकदा घड्याळ लावून पाहून घ्यावा.

अष्टमी-नवमीच्या भांगाला भरती कमी चढते, पण ओहोटीही फारशी उतरत नाही. उघाडी जेमतेम थोडा वेळ उघडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांच्या उधाणाला भरती धोक्याची असते, पण त्याच दिवशीची ओहोटी सर्वांत खोल जाते. म्हणून बांधाचं काम भांगाला करायचं आणि शेत धुतलेलं पाणी उधाणाच्या ओहोटीला सोडायचं. उलट केलं, की दोन्ही फसतं.

मीठ धुणं: मृग ते पुनर्वसू

खरं तर धुलाईची सुरुवात आदल्या वर्षीच्या कापणीनंतर होते. जमीन वाफशावर असतानाच १५-२० सेंटिमीटर नांगरून ढेकळं तशीच ठेवावीत. खालचं खारं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हाने उडतं आणि मीठ मागे ठेवतं. नांगरटीने ती छिद्रं तुटतात. नांगरट राहून गेली असेल तर मे महिन्यात करावी, पण तेव्हा माती दगड झालेली असते आणि मीठही वर येऊन बसलेलं असतं. पांढरा पापुद्रा जाड असेल अशा लहान चकत्यांवरचा थर फावड्याने खरवडून बांधाबाहेर टाकावा.

पाऊस लागल्यावर पुढचा क्रम धरावा.

१. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींना प्रत्येक खाचराचा बांध उघडा ठेवावा, म्हणजे पृष्ठभागावरचं मीठ वाहून जाईल. हे पाणी शेजारच्या खाचरात नाही, थेट चरात गेलं पाहिजे. "खाचरातून खाचरात" या जुन्या सवयीने वरच्याचं मीठ खालच्याच्या शेतात मुक्कामाला येतं. चर ६० सेंटिमीटर खोल आणि उघाडीपर्यंत सलग उताराचे असावेत.

२. मग खाचरं बांधून ८-१० सेंटिमीटर पाणी तीन-चार दिवस तुंबू द्यावं. वरून वाहून गेलेलं पाणी फक्त वरचं मीठ नेतं. खालचं मीठ नेण्यासाठी पाणी मातीतून उतरावं लागतं. ३० सेंटिमीटर थरातून ३० सेंटिमीटर पाणी झिरपलं, की त्यातलं सुमारे ८० टक्के मीठ निघून जातं. आपल्याकडे जून-जुलैत त्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. कमी पडतो तो पाऊस नाही, झिरपायला दिलेला वेळ कमी पडतो.

३. ओहोटी साधून ते पाणी सोडावं आणि सोडण्यापूर्वी मापकाने मोजून लिहून ठेवावं. पुन्हा तुंबवावं. तीन-चार फेऱ्यांत आकडा उतरताना दिसतो. दोन दिवस साचलेलं पाणी २ डेसिसायमनच्या खाली राहिलं आणि मातीचा दुसरा अहवाल हिशेबाने ४ च्या आसपास आला, की लावणीला हरकत नाही.

४. तोपर्यंत चिखलणी करू नये. चिखलणीने मातीची छिद्रं लिंपली जातात, हा भातासाठी तिचा उपयोग. पण मीठ खाली जायची वाटही तीच लिंपते. "पाऊस आलाय, ट्रॅक्टर मिळालाय, चिखल करून घेऊ" या घाईने सगळा पहिला पाऊस फुकट जातो. चिखलणी शेवटच्या फेरीनंतर, लावणीच्या आदल्या दिवशी.

बियाणं आणि रोपं

पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ ही वाणं याच जमिनीसाठी निवडलेली आहेत. जुन्यांपैकी काळा रत्ता १-२४ आणि भुरा रत्ता ४-१० क्षार चांगले सोसतात. उत्पादन कमी, पण वाईट वर्षी हमखास. गोव्याच्या खाजणांत कोरगुट हेच काम करतो आणि तिथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेची गोवा धान मालिकेतली वाणंही आता आहेत. सगळ्या शेतात एकच वाण लावू नये. उघाडीजवळचा सखल भाग जुन्या उंच वाणाला, गावाकडचा चढ सुधारित वाणाला.

रोपवाटिका शक्यतो गोड्या जमिनीत करावी. कोवळ्या रोपाचा नाजूक काळ तिथेच निघून जातो. एकराला ४ गुंठे रोपवाटिका आणि १६-२० किलो बी पुरतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावं, तरंगणारं काढून टाकावं आणि तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावं. हे धुणं राहून गेलं, तर खारजमिनीतला शेतकरी स्वतःच्या हाताने बियाण्याला मीठ लावतोय म्हणायचं. सावलीत सुकवून किलोला ३ ग्रॅम थायरम चोळावं. १ ते १.२ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर, मृगातच पेरावं. गरजेपेक्षा १०-१५ टक्के रोपं जास्त ठेवावीत, ती नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला लागतातच.

लावणी २५-३० दिवसांच्या रोपाची. कोवळं रोप लावायचा सल्ला गोड्या जमिनीसाठी ठीक आहे, इथे नाही. एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) तीन-चार रोपं, खोली ३-४ सेंटिमीटर, त्याहून खोल नाही.

गोडी जमीनच नसेल किंवा मजूर नसतील, तर रहू पद्धत आहे: बी भिजवून, मोड आणून, धुतलेल्या आणि चिखललेल्या शेतात फेकायचं. बियाणं दुपटीच्या आसपास लागतं. त्यातला धोका उघड आहे: रोपाचा सर्वांत नाजूक काळ थेट खाऱ्या मातीत जातो. पाऊस आठवडाभर लागून राहील अशी खात्री असेल तेव्हाच फेकावं.

खत, पाणी आणि फुलोरा

दर आठ-दहा दिवसांनी पाणी बदलणाऱ्या शेतात वरून फेकलेला युरिया म्हणजे खाडीला खत. म्हणून इथे युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे या खतांची दाबून केलेली गोळी, सर्वांत पटते. रोपं १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावायची. १५ सेंटिमीटरच्या प्रत्येक चौकोनात, चार चुडांच्या मधोमध, २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ५-७ सेंटिमीटर खोल दाबायची. एकरी सुमारे ६८ किलो लागतात. लावणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हे काम आटोपावं, आणि पुढचे काही दिवस पाणी सोडू नये. एकरी १० किलो झिंक सल्फेट चिखलणीनंतर वेगळं द्यावं. स्फुरदाच्या खतात मिसळलं तर दोघांचाही उपयोग कमी होतो. पालाश माती परीक्षणात कमी निघालं तरच. समुद्रकाठच्या मातीत ते बहुधा पुरेसं असतं आणि म्युरेट ऑफ पोटॅश स्वतः क्लोराइड आणतं. गिरिपुष्पाचा पाला बांधावर असेल तर चिखलणीत गाडावा. माती भुसभुशीत राहते आणि पुढच्या वर्षीची धुलाई सोपी होते.

लावणीनंतरच्या रात्री खेकडे रोपं कापतात. उंच, दणकट रोप हा त्यावरचा निम्मा इलाज. उरलेला म्हणजे आठ-दहा दिवसांत नांग्या भरणं.

पहिला आठवडा २-३ सेंटिमीटर, नंतर ५ सेंटिमीटर पाणी ठेवावं. पाऊस चालू असेल तर बदलत राहावं. पण पाऊस उघडला, की लगेच उघाडी आणि खाचरं बंद. असलेलं गोडं पाणी धरून ठेवायचं. मघा ते उत्तरा या नक्षत्रांत दहा-बारा दिवसांची उघडीप आली आणि त्यात जमिनीला भेगा पडल्या, तर खालचं मीठ ऐन फुलोऱ्यात वर येतं. लोंबी बाहेर पडते, हिरवी दिसते, आणि हातात घेऊन चिमटली तर पळंज, म्हणजे दाणाच नाही. त्या वेळी खत किंवा फवारणी काही करू शकत नाही. जुलै-ऑगस्टची मोठी उधाणं आणि ही उघडीप यांच्यामधल्या दिवसांत किती गोडं पाणी खाचरात अडवलं, यावर ते वर्ष ठरतं. कापणीआधी ८-१० दिवस पाणी काढावं आणि कापणी होताच नांगर घालावा.

खांड पडलीच तर

पहिल्याच दिवशी खांडीची दोन्ही तोंडं बांबू, दगड, मातीच्या गोण्या लावून थोपवावीत, नाहीतर ती दर भरतीला रुंदावते. बंद करायचं काम भांगाच्या ओहोटीत. गोण्यांत चिकण माती भरावी. वाळूच्या गोणीतून पाणी पाझरतच राहतं. तलाठ्याकडून पंचनामा, तारखेसह छायाचित्रं, सातबारा आणि खारभूमी विभागाला लेखी कळवल्याची पोच हे त्याच आठवड्यात हाताशी ठेवावं.

घाई का, तर बंद न झालेल्या खांडीतून भरतीबरोबर तिवरांच्या बिया येतात. दोन-तीन वर्षांत शेतात कांदळवन उभं राहतं. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा अंतरिम आदेश आणि २०१८ चा निकाल यांमुळे ते तोडता येत नाही. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही बांधकामबंदीचं संरक्षण आहे. सातबाऱ्यावर शेत आणि प्रत्यक्षात वन, अशा जमिनी रायगडात आहेत. किनाऱ्याला कांदळवन हवंच, त्याबद्दल वाद नाही; पण ते बांधाबाहेर वाढावं यासाठी खांड वेळेत बुजवणं एवढाच उपाय शेतकऱ्याच्या हातात आहे.

बुजवल्यानंतरचा पहिला पावसाळा फक्त धुलाईला द्यावा. दुसऱ्या वर्षी उंच भागात जुनं वाण लावून पाहावं आणि मापक सांगेल तसं पुढे जावं.

भातानंतर

रब्बीत मोठ्या आशा ठेवू नयेत. वाल क्षाराला फार हळवा, टोमॅटो-मिरची मध्यम, बीट आणि पालक त्यातल्या त्यात सोशीक. सरी-वरंब्यावर लागवड असेल तर रोप माथ्यावर लावू नये. ओलावा वर चढून उडतो तो माथ्यावरून, म्हणून मीठही तिथेच साचतं. वरंब्याच्या उतारावर, मध्यावर लावावं आणि पेंढ्याचं आच्छादन करावं.

त्यासाठी गोडं पाणी शेततळ्यातच साठवावं लागतं. भूजल अगदी वर आणि खारं असल्याने तळं तीन मीटर खोल खणलं, की आपण विहीर खणतो, तीही खारी. कमी खोल आणि पसरट तळं करावं, शक्यतो ५०० मायक्रॉन प्लास्टिक घालून. अस्तर नसेल तर गोडं पाणी वर आणि खारं खाली राहतं. पंपाचा फुटबॉल (नळीच्या तोंडाची फूट व्हॉल्व्ह) तळाला न सोडता तराफ्यावर बांधून वरच्या हातभर पाण्यातच ठेवावा, आणि मापक २ च्या वर गेला की पंप बंद. निघालेली माती खालच्या थरातली, म्हणजे खारी असते. ती लगेच शेतात पसरू नये, एक पावसाळा ढिगात धुऊ द्यावी.

जिताड्याचं (खाडीत मिळणाऱ्या माशाचं) तळं करायचं असेल, तर ते घराशेजारी किंवा बांधालगतच्या पट्ट्यात असावं. त्यात खाडीचं पाणी घेणार असाल, तर तळं आणि भातखाचर यांच्यामध्ये उघाडीपर्यंत जाणारा चर खणल्याशिवाय पाणी घेऊ नका. पाझर आधी शेजाऱ्याच्या शेतात दिसतो.